निदानाआधीचे रक्त : कंपवाताच्या एका प्रकरणातील टी-पेशी आणि आतड्याचा प्रश्न

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स रोग, यावरील संशोधनात सर्वांत दुर्मीळ असते ती आजार ओळखला जाण्याआधीची सामग्री. हाताला कंप सुटल्यावर, चाल मंदावल्यावर किंवा बटणे लावताना बोटे अडू लागल्यावर रुग्ण डॉक्टरांकडे येतो. तोवर मध्यमेंदूतील सब्स्टान्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामीन तयार करणाऱ्या चेतापेशींचा मोठा हिस्सा नष्ट झालेला असतो. त्यानंतर घेतलेल्या रक्तात जे काही वेगळे आढळते ते आजाराचे कारण आहे, त्याचा परिणाम आहे की औषधांमुळे झालेला बदल आहे, हे ठरवणे जवळजवळ अशक्य होते. येथे मांडलेल्या प्रकरणाचे मोल या अडचणीमुळेच आहे. २०२० साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सेसिलिया लिंडेस्टॅम आर्लेहॅम, अलेस्सांद्रो सेत्ते, डेव्हिड सुल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात मोठ्या रुग्णगटांच्या जोडीने एकाच व्यक्तीच्या रक्तपेशींचा काळाच्या ओघात घेतलेला मागोवा होता, आणि त्या व्यक्तीचे रक्त निदानाच्या कितीतरी आधीपासून उपलब्ध होते.

त्या रक्तात नेमके काय शोधायचे, हे तीन वर्षे आधीच ठरले होते. कंपवाताच्या रुग्णांच्या चेतापेशींत अल्फा-सिन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचतात. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या ‘लेवी बॉडी’ मुख्यतः या प्रथिनाच्या बनलेल्या असतात, हे १९९७ साली स्पष्ट झाले, आणि त्याच वर्षी या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे काही कुटुंबांत कंपवात येतो हेही सिद्ध झाले. त्यानंतर बराच काळ हा आजार म्हणजे चुकीच्या घडीत दुमडलेल्या प्रथिनाचा आजार, असेच मानले गेले आणि रोगप्रतिकारक यंत्रणेकडे पडझडीनंतर येणारी सफाई कामगार म्हणून पाहिले गेले. २०१७ साली ‘नेचर’मध्ये सुल्झर आणि सेत्ते यांच्या गटाने ६७ रुग्ण आणि ३६ निरोगी व्यक्ती यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा या समजुतीला तडा गेला. सुमारे ४० टक्के रुग्णांच्या रक्तात अल्फा-सिन्यूक्लीनच्या तुकड्यांना ओळखून प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, सापडल्या.

टी-पेशी संपूर्ण प्रथिन ओळखत नाहीत. दुसऱ्या एखाद्या पेशीने त्या प्रथिनाचे तुकडे करून ते एचएलए या रेणूंवर मांडून दाखवावे लागतात, आणि कोणता तुकडा नीट मांडला जाईल हे त्या व्यक्तीला वारशाने मिळालेल्या एचएलए प्रकारावर अवलंबून असते. अल्फा-सिन्यूक्लीन हे १४० अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन आहे. टी-पेशींचा प्रतिसाद त्याच्या दोन भागांभोवती एकवटलेला दिसला : एक ३९व्या स्थानाजवळचा आणि दुसरा १२९व्या स्थानाजवळचा. पहिल्या भागातील ३२ ते ४६ या स्थानांमधला तुकडा एचएलए-डीआरबी१*१५:०१ या प्रकाराला घट्ट चिकटतो. बहुविध काठिण्य, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतासंस्थेवर हल्ला करते तो मल्टिपल स्क्लेरोसिस, या आजाराचा सर्वांत ठळक आनुवंशिक धोका याच प्रकाराशी जोडलेला आहे, ही बाब कोणत्याही प्रतिकारशास्त्रज्ञाच्या नजरेतून सुटण्यासारखी नव्हती.

असे असले तरी २०१७चा अभ्यास काळाच्या एकाच बिंदूवरचा होता. ४० टक्के रुग्णांत प्रतिसाद दिसला, मग उरलेल्या ६० टक्क्यांचे काय? त्यांच्यात तो कधीच नव्हता, की होऊन गेला होता? या प्रश्नाचे उत्तर रुग्णांची संख्या कितीही वाढवून मिळाले नसते. त्यासाठी एकाच व्यक्तीकडे वेगवेगळ्या वेळी पाहणे गरजेचे होते.

प्रकरणातील कार्यपद्धती तत्त्वतः साधी आहे. गोठवून ठेवलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी पूर्ववत केल्या जातात, अल्फा-सिन्यूक्लीनच्या तुकड्यांच्या मिश्रणासह त्या सुमारे दोन आठवडे वाढवल्या जातात, आणि मग तेच तुकडे पुन्हा समोर आल्यावर किती पेशी इंटरफेरॉन-गॅमा, इंटरल्यूकिन-५ यांसारखी संदेशद्रव्ये सोडतात हे मोजले जाते. रक्तातील अशा पेशी अत्यंत विरळ असल्यामुळे मधला वाढीचा टप्पा टाळता येत नाही. त्यामुळे हाती येणारा आकडा म्हणजे रक्तातील मूळ पेशींची थेट मोजदाद नसून त्या पेशींच्या वाढीच्या क्षमतेचाही त्यात वाटा असतो, हे अशा प्रयोगांचे निष्कर्ष वाचताना विसरता कामा नये.

निष्कर्ष असा निघाला की या व्यक्तीत अल्फा-सिन्यूक्लीनविरुद्धचा टी-पेशींचा प्रतिसाद हालचालींची लक्षणे ओळखली जाण्याआधीच वाढलेला होता आणि निदानानंतर तो ओसरत गेला. एका व्यक्तीवरून नियम काढता येत नाही, म्हणून संशोधकांनी दोन स्वतंत्र रुग्णगटांत हाच क्रम तपासला. निदानानंतर लवकर रक्त घेतलेल्या रुग्णांत प्रतिसाद सर्वाधिक होता आणि आजाराला जितकी वर्षे उलटली होती तितका तो उतरलेला होता. अशा रीतीने एकट्या व्यक्तीत दिसलेल्या उताराला गटांचा आधार मिळाला. निदानाआधीच्या चढाला मात्र त्या निबंधात मुख्यतः या एकाच व्यक्तीचा आधार आहे, आणि लोकप्रिय बातम्यांत नेमका हाच फरक पुसला गेला.

उताराचा अर्थ लावताना घाई करू नये. सर्वांत सरळ अर्थ असा की ज्या चेतापेशींवर रोख होता त्या संपल्या आणि प्रतिजनाचा, म्हणजे टी-पेशी ओळखतात त्या प्रथिनाचा, पुरवठा आटल्यावर प्रतिसादही मावळला. दुसरी शक्यता अशी की टी-पेशी सततच्या उत्तेजनाने थकल्या. तिसरी अशी की त्या रक्तातून निघून ऊतींत जाऊन बसल्या. तसे असेल तर रक्तातील घट म्हणजे आजाराची घट नव्हेच. चौथी शक्यता औषधांची आहे, कारण प्रतिसाद जास्त असलेल्या रुग्णांत लेव्होडोपासारख्या, डोपामीनची उणीव भरून काढणाऱ्या औषधांची मात्रा कमी असल्याचे याच अभ्यासात आढळले. पण आजार जुना होत जातो तशी मात्राही वाढतेच, त्यामुळे औषधाने प्रतिसाद दाबला की दोन्ही गोष्टी केवळ काळाबरोबर बदलल्या, हे या आकडेवारीतून वेगळे काढता येत नाही. एक शंका मात्र बाजूला ठेवता येते. जास्त काळ गोठवून ठेवल्यामुळे पेशी दुबळ्या झाल्या असत्या, तर त्याचा फटका जुन्या नमुन्यांना बसला असता आणि निदानाआधीचा प्रतिसाद कमी दिसला असता. प्रत्यक्षात चित्र उलटे आहे.

आतड्याचा संबंध येथून सुरू होतो, आणि तो या प्रकरणातील रक्तातून आपोआप निघत नाही. निदानाआधीच्या वर्षांत प्रतिकारयंत्रणा अल्फा-सिन्यूक्लीनला ओळखू लागली असेल, तर ती ओळख शरीरात कुठे झाली? मेंदूत अल्फा-सिन्यूक्लीन विपुल आहे, पण निरोगी मेंदूत टी-पेशींचा वावर अगदी मर्यादित असतो. आतड्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचे स्वतंत्र जाळे आहे, त्या पेशींतही अल्फा-सिन्यूक्लीन तयार होते, आणि त्यांच्या शेजारीच शरीरातील प्रतिकारपेशींचा सर्वांत मोठा साठा अहोरात्र अन्न, जंतू आणि स्वतःच्या ऊती यांच्यात भेद करत असतो. चेतापेशींचे प्रथिन आणि सावध टी-पेशी इतक्या जवळ येतात अशी दुसरी जागा शरीरात शोधून सापडणे कठीण आहे.

रुग्णांच्या तक्रारीही तिकडेच बोट दाखवतात. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालच्या आपल्या निबंधात बद्धकोष्ठतेची नोंद केली होती. होनोलुलू येथे ५१ ते ७५ वर्षे वयाच्या ६,७९० पुरुषांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एकदाही शौचास न होणाऱ्यांत पुढे कंपवात होण्याचा धोका रोज एकदा होणाऱ्यांच्या २.७ पट दिसला. आणि आजार झालेल्यांत तो नोंदीनंतर सरासरी १२ वर्षांनी उद्भवला होता. हाइको ब्राक यांनी २००३ साली मृत व्यक्तींच्या मेंदूंच्या तपासणीवरून असे सुचवले की प्रथिनाच्या गाठी मेंदूच्या तळाशी, मेंदू आणि पोटातील अवयव यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेच्या उगमाजवळ, आधी दिसतात आणि मग वर सरकतात, म्हणजे सुरुवात कदाचित आतड्यात होत असावी. ब्राक यांच्या मांडणीत आतड्यातून शिरणारा एखादा अज्ञात जंतू होता. टी-पेशींना तिच्यात स्थान नव्हते.

जंतू आणि अल्फा-सिन्यूक्लीन यांना जोडणारा एक दुवा २०१७ साली पुढे आला, आणि माझ्या मते त्याला मिळायला हवे तितके लक्ष मिळालेले नाही. पोटाच्या दुखण्यासाठी तपासलेल्या मुलांच्या आणि आतड्याचे प्रत्यारोपण झाल्यावर नोरोव्हायरसचा संसर्ग झालेल्या रुग्णांच्या ऊतींत, दाहाच्या प्रमाणात आतड्यातील चेतापेशींतले अल्फा-सिन्यूक्लीन वाढलेले दिसले. हे प्रथिन प्रतिकारपेशींना आपल्याकडे खेचते आणि टी-पेशींना प्रतिजन दाखवणाऱ्या डेंड्रिटिक पेशींना परिपक्व करते, असेही प्रयोगशाळेत आढळले. याचा अर्थ अल्फा-सिन्यूक्लीन हे आतड्याच्या संरक्षणव्यवस्थेचेच एक साधन असू शकते. तसे असेल तर वारंवार होणाऱ्या संसर्गांत, नेमका ३२ ते ४६ हा तुकडा चांगला मांडणारा एचएलए प्रकार वाट्याला आलेल्या व्यक्तीत, त्या साधनाविरुद्धच टी-पेशी तयार होणे कल्पनेबाहेरचे राहत नाही.

ही कल्पना तपासण्याचा थेट प्रयत्न २०२३ साली ‘न्यूरॉन’मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रान्चेस्का गॅरेट्टी, द्रितान अगालिऊ आणि सुल्झर यांच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाने मानवी एचएलए-डीआरबी१*१५:०१ रेणू धारण करणारे उंदीर घेतले आणि त्यांना अल्फा-सिन्यूक्लीनचा ३२ ते ४६ हा तुकडा टोचला, म्हणजे एका अर्थाने रुग्णांच्या रक्तात दिसलेली ओळख त्यांच्यात मुद्दाम घडवून आणली. परिणाम आतड्यात दिसला. तेथे दाह झाला, चेतापेशी कमी झाल्या, डोपामीनशी संबंधित चेतापेशींना इजा पोहोचली, उंदरांना बद्धकोष्ठता झाली आणि त्यांचे वजन घटले. सीडी४ प्रकारच्या, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना मदत करणाऱ्या, टी-पेशी काढून टाकल्यावर चेतापेशींची हानी काही अंशी टळली. सीडी८ प्रकारच्या, म्हणजे लक्ष्यपेशींना थेट मारणाऱ्या, टी-पेशी काढून टाकल्यावर टळली नाही. आजाराच्या पूर्वावस्थेत माणसांना ज्या पोटाच्या तक्रारी होतात, त्यांच्याशी हे चित्र बरेच जुळते.

या प्रयोगातील सर्वांत बोलकी गोष्ट मात्र जे घडले नाही ती आहे. या उंदरांच्या मेंदूत कंपवातासारखी हानी झाली नाही आणि त्यांच्या हालचालीही बिघडल्या नाहीत. म्हणजे टी-पेशी आतड्यातील चेतापेशींना इजा करू शकतात एवढे दिसले. आतड्यातील इजा वर चढून कंपवात घडवते, हे दिसले नाही. शिवाय हे लसीकरण प्रतिकारयंत्रणेला जोराने चेतवणाऱ्या द्रव्यासह केलेले असते, आणि माणसाच्या शरीरात अनेक वर्षे मंदपणे चालणाऱ्या प्रक्रियेशी त्याची बरोबरी होत नाही.

वर चढण्याच्या मार्गाबद्दलचा पुरावा वेगळ्या प्रयोगांतून येतो, आणि त्यात टी-पेशींचा प्रश्न बाजूला राहतो. २०१९ साली उंदरांच्या जठर आणि लहान आतड्याच्या सांध्याजवळील स्नायूत अल्फा-सिन्यूक्लीनचे तंतू टोचले असता ते रोगट रूप व्हेगस चेतेच्या मार्गाने मेंदूपर्यंत पोहोचले. ती चेता छेदलेल्या उंदरांत ते पोहोचले नाही. माणसांत पोटातील व्रणासाठी पूर्वी व्हेगस चेता छेदण्याची शस्त्रक्रिया होत असे. डेन्मार्कच्या २०१५च्या नोंदणी-अभ्यासात चेतेचे संपूर्ण खोड छेदलेल्यांत कंपवात कमी आढळला. स्वीडनच्या २०१७च्या अभ्यासात सर्व शस्त्रक्रिया एकत्र धरता ठोस फरक दिसला नाही. संपूर्ण छेद झालेल्यांत, तोही शस्त्रक्रियेनंतर किमान पाच वर्षे उलटल्यावर, धोका कमी असल्याची चिन्हे दिसली. आतड्यातील सूक्ष्मजीवांवरचे काम आता प्रचंड वाढले आहे. अल्फा-सिन्यूक्लीन जास्त बनवणाऱ्या उंदरांत रुग्णांच्या विष्ठेतील जंतू सोडल्यावर हालचाली अधिक बिघडल्या, हा २०१६चा प्रयोग त्यातला पायाभूत म्हणता येईल. पण त्यात मुख्य भूमिका मेंदूतील मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशींची होती, प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशींची नव्हती.

दुसऱ्या एका वाटेने टी-पेशी पुन्हा केंद्रस्थानी येतात. कंपवाताशी जोडलेले पिंक१ हे जनुक नसलेल्या उंदरांना आतड्याचा जीवाणुसंसर्ग झाल्यावर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील प्रतिजनांविरुद्ध सीडी८ टी-पेशी तयार झाल्या, त्या मेंदूतही सापडल्या, आणि उंदरांत लेव्होडोपाने सुधारणारी हालचालींची मंदता आली, असे २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. येथे लक्ष्य अल्फा-सिन्यूक्लीन नाही आणि पेशीही सीडी४ नाहीत. कोलंबियाच्या उंदरांशी हे निष्कर्ष विसंगत मानण्याचे कारण नाही. आतड्यातील संसर्गापासून मेंदूतील चेतापेशींपर्यंत एकाहून अधिक प्रतिकारमार्ग असू शकतात, इतकाच त्यांचा अर्थ आहे. पण त्यामुळे आपल्या मूळ प्रकरणातील व्यक्तीला यांतला कोणता मार्ग लागू होतो, हा प्रश्न अधिक अवघड होतो.

लोकसंख्येच्या पातळीवरील एक निष्कर्ष येथे वगळता येणार नाही. अमेरिकेतील विमा-नोंदींवर आधारलेल्या २०१८च्या अभ्यासात आतड्याचा दीर्घकालीन दाह असलेल्यांत, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत, कंपवाताचे प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त आढळले. आणि त्यांच्यापैकी टीएनएफ या दाहकारक द्रव्याला रोखणारी औषधे घेतलेल्यांत ते न घेतलेल्यांच्या तुलनेत ७८ टक्क्यांनी कमी होते. ही औषधे मोठ्या रेणूंची असून निरोगी रक्त-मेंदू अडथळा सहजी ओलांडत नाहीत, त्यामुळे परिणाम खरा असेल तर तो बहुधा मेंदूबाहेर घडत असावा, असा तर्क मोहात पाडतो. तथापि ही औषधे कोणाला दिली जातात हे वय, सहव्याधी आणि आजाराच्या तीव्रतेवर ठरते, आणि ती घेणाऱ्या गटात कंपवाताची प्रकरणे मुळातच थोडी होती. आनुवंशिकतेचा आधार तुलनेने भक्कम आहे : एलआरआरके२ या जनुकाचे काही प्रकार क्रोन्स आणि कंपवात या दोन्हींचा धोका वाढवतात, तर काही दोन्हींपासून संरक्षण देतात.

एचएलएच्या बाबतीत मात्र आनुवंशिकता या प्रकरणाच्या मांडणीला पूर्ण साथ देत नाही. मोठ्या जनुकीय अभ्यासांत सर्वांत ठळक दिसतो तो डीआरबी१*०४ या प्रकारांचा संरक्षक परिणाम, *१५:०१चा धोका नव्हे. हे संरक्षण २०२३च्या एका विश्लेषणात कंपवात आणि अल्झायमर्स या दोन्हींत दिसले आणि त्याचा संबंध टाऊ या वेगळ्याच प्रथिनाच्या तुकड्याशी जोडला गेला. ३२ ते ४६ या तुकड्याची कथा कितीही सुबक वाटली तरी ती सर्व रुग्णांची कथा होऊ शकत नाही, हे यावरून मान्य करावे लागते. पेर बोर्गहॅमर यांच्या गटाने सुचवलेली विभागणी येथे उपयोगी पडते : काही रुग्णांत आजार शरीरातून मेंदूकडे जातो आणि त्यांना झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडण्याचा विकार आधी होतो, तर काहींत तो मेंदूतच सुरू होतो. आतड्यातील प्रतिकाराचा सिद्धान्त खरा ठरला तर तो प्रामुख्याने पहिल्या गटाला लागू पडेल.

या प्रकरणाकडे पाहताना माझे मत असे बनले आहे की त्याने वेळेबद्दलचा पुरावा दिला, जागेबद्दलचा नाही. टी-पेशी आधी येतात हे माणसाच्या रक्ताने सुचवले. त्या आतड्यात काय करू शकतात हे उंदराने दाखवले. दोन्ही पुरावे वेगवेगळ्या शरीरांतले आहेत, आणि अनेक लेखांत ते एकाच वाक्यात ओवले जातात तेव्हा मधली फट दिसेनाशी होते. ती बुजवण्यासाठी नव्या सिद्धान्ताची गरज नाही, योग्य व्यक्तींची आहे. स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणाऱ्या १,२८० रुग्णांच्या २०१९च्या बहुकेंद्री अभ्यासात १२ वर्षांत सुमारे ७३.५ टक्के जणांना कंपवात किंवा त्याच कुळातील आजार झाला. निदानाआधीचे रक्त योगायोगाने हाती लागण्याची वाट पाहावी लागू नये इतका हा धोका मोठा आहे. अशा व्यक्तींचे रक्त ठरावीक अंतराने घेऊन, त्याच वेळी मोठ्या आतड्याच्या अस्तराचे छोटे नमुने घेतले, तर अल्फा-सिन्यूक्लीन ओळखणाऱ्या टी-पेशींच्या ग्राहींचा, म्हणजे प्रतिजन ओळखणाऱ्या रेणूंचा, जनुकीय क्रम दोन्हीकडे तपासता येईल. प्रत्येक टी-पेशीच्या वंशाचा ग्राही वेगळा असल्याने, रक्तात वाढलेला वंशच आतड्यातील चेतापेशींच्या आसपास सापडतो की नाही याचे उत्तर त्यातून मिळेल. आणि निदानानंतर रक्तातून तो ओसरतो तेव्हा आतड्यातूनही ओसरतो, की तेथेच ठाण मांडून बसतो, हेही त्याच नमुन्यांवर पाहता येईल.